सूर्यफूल परातीएवढं, पण दाणा भरला का?



उन्हाळी सूर्यफुलाच्या पेरणीचे दिवस आलेत. जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा पेरणीचा काळ. सिद्धेश्वर, इसापूरच्या कालव्याचं किंवा विहिरीचं पाणी दाणा भरेपर्यंत पुरणार असेल त्यांनीच विचार करावा. कळी, फुलोरा आणि दाणा भरताना ताण बसला की उतारा गेलाच म्हणून समजा.

सूर्यफूल आपल्याकडं नवं नाही. १९६९ च्या सुमारास रशियातून वाण आले. १९९३-९४ ला देशात २६ लाख हेक्टरच्या वर पेरा होता, आता तो ३ लाखांच्या आत आलाय. २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपल्या किराणा दुकानात तेलाचा पुडा महागला, ते यामुळंच. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये होता.

मग लोकांनी सोडलं का? जुनी माणसं सांगतात, फुलं परातीएवढी यायची आणि मधला निम्मा भाग पोचट निघायचा. त्याचं मुख्य कारण समजून घ्या.

ज्याला आपण एक फूल म्हणतो ते तबक म्हणजे शेकडो बारीक फुलांचा मेळा. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांना दाणा धरत नाही. त्यांचं काम एवढंच, मधमाशीला लांबून दिसायचं. आतली फुलं कडेकडून मध्याकडं उमलत जातात, त्याला आठवडाभर लागतो. प्रत्येक बारीक फुलात आधी पराग सुटतो आणि पराग घेणारा भाग नंतर तयार होतो. त्यामुळं दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि तो आणते मधमाशी. संकरित वाण स्वतःच्या परागावरही बऱ्यापैकी दाणा धरतात, पण माशी आली तर त्यांचाही उतारा वाढतो.

सूर्यफूल दिवसभर सूर्यामागं फिरतं असं आपण म्हणतो. ते कोवळ्या झाडापुरतं खरं. फूल पूर्ण उमललं की तोंड पूर्वेला करून थांबतं. २०१६ ला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी काही फुलं मुद्दाम पश्चिमेला वळवून बघितली. पूर्वेची फुलं सकाळी लवकर तापली आणि त्यांच्यावर माश्या कितीतरी जास्त आल्या. म्हणजे सकाळची वेळ महत्त्वाची. (फोटो काढणाऱ्या पाहुण्यांनाही सकाळीच बोलवा, आणि बांधावरच उभं करा.)

आता कामाचं. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारू नका. घाटेअळी दिसली तर कळी अवस्थेतच ५ टक्के निंबोळी अर्क घ्या. फुलोऱ्यात अगदीच नाइलाज झाला तर कंपनीच्या कृषी सहाय्यकाला विचारून, माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारा. शेजारच्या रानात फवारणी असेल तर त्यांनाही सांगून ठेवा. बांधावरच्या झाडाला आग्या मोहोळ असेल तर जाळू नका, तो तुमचा फुकटचा मजूर आहे. मधपेट्या मिळाल्या तर हेक्टरी ४ ते ५ पुरतात.

माश्या कमी दिसल्या तर सकाळी ७ ते ११ या वेळेत हाताला मऊ तलम कापड गुंडाळून तबकावरून हळू फिरवा, एक दिवसाआड. पण हिशोब करा. ६० बाय ३० सेंटिमीटरवर एकरी २२ हजारांच्या आसपास झाडं बसतात. एवढ्या तबकांवर तीन-चार वेळा हात फिरवायचा म्हणजे मजुरी किती होईल! म्हणून आधी मोहोळ सांभाळा. कडेच्या पाकळ्या उमलताना बोरॅक्स लिटरला २ ग्रॅम फवारलं तर दाणे भरायला मदत होते. ही फवारणीही संध्याकाळीच घ्या.

बांधावरचं गाजर गवत फुलायच्या आत काढा. त्याच्या परागातून फुलकिडे नेक्रोसिस रोगाचा विषाणू आणतात, आणि रोग लागल्यावर इलाज नाही.

राघूंचं काय, हा प्रश्न येणारच. शिवारात एकट्यानं एक एकर पेरलं तर सगळे थवे तिथंच उतरतात. चार-पाच जणांनी लागून, एकाच आठवड्यात पेरलं तर नुकसान वाटलं जातं आणि राखणही आळीपाळीनं होते. चमकणारी फीत लावा, पण नुसत्या फितीच्या भरवशावर राहू नका.

पूर्ण रान द्यायचं नसेल तर उन्हाळी भुईमुगाच्या कडेनं दोन ओळी लावा. पानं खाणारी अळी रुंद पानावर अंडीपुंज घालते, ते पान तोडून नष्ट करता येतं. परसबागेत दोडका, भोपळा, काकडीजवळ दहा-बारा झाडं लावली तरी माश्या येतात आणि वेलींनाही फळ धरतं. घरासमोर शोभा येते ती वेगळी.

बियाणं घेताना लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राचा एलएसएफएच-१७१ हा संकरित वाण मिळतो का बघा. ज्यांना लागून पेरायचं आहे त्यांनी नाव, गाव आणि क्षेत्र याच ग्रुपवर टाका, म्हणजे शिवारानुसार गट पाडता येतील.

तबकाची मागची बाजू लिंबासारखी पिवळी झाली की काढणी. त्याची माहिती तेव्हाच्या मेसेजमध्ये देऊ.