चिमटीत येणारी चरबी

लेझरने चरबी काढायची म्हणजे यंत्र लावलं की चरबी वितळून बाहेर येते, असं पुष्कळांना वाटतं. पण उपचाराच्या खोलीत काहीच बाहेर येत नाही. हा उपचार घेणाऱ्या धाकट्या जावेसोबत मी पुण्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे पूर्ण वेळ बसून होते.

आधी चिमटा. डॉक्टरांनी तिला उभं करून बेंबीखालची घडी अंगठा आणि बोटांत धरली, मग कमरेवरची. चिमटीत येते ती कातडीखालची चरबी आणि लेझरची पोच तेवढीच. नंतर खोकायला लावून बेंबीपाशी हर्निया नाही ना, हे चाचपून पाहिलं. बाळंतपणं झालेल्या पोटाची ही तपासणी जिथे करत नाहीत तिथून सरळ उठून यावं, असं माझं ठाम मत आहे. मग वजन, घेर, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो.

पोटावर पेनने खुणा झाल्या, पट्ट्याने चौकटी आवळल्या, त्यांत चार चपटे अ‍ॅप्लिकेटर बसले. भूल नाही, सुई नाही. यातला लेझर १०६० नॅनोमीटरचा. त्वचेचा रंग देणारं मेलॅनिन ही तरंगलांबी फारशी शोषत नाही, म्हणून आपल्या सावळ्या कातडीलाही ती चालते. वरची त्वचा अ‍ॅप्लिकेटर गार ठेवतो आणि खालच्या चरबीचं तापमान ४२ ते ४७ अंशांपर्यंत चढवलं जातं. पोट आणि कमरेसाठी अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये परवानगी दिली.

एक सेशन २५ मिनिटांचं. पहिली काही मिनिटं जाऊ गप्पा मारत होती, मग थांबली. "वैनी, आतून तापायला लागलं." चेहरा आक्रसला, पुन्हा सैल झाला. उष्णता लाटांनी येते: चढते, टोचल्यासारखी होते, गारवा येतो, परत चढते. एका ठिकाणी तिला चटका जाणवला. तिने लगेच सांगितलं आणि सिस्टरनी त्या अ‍ॅप्लिकेटरची तीव्रता उतरवली. सोसत पडून राहायचं नसतं, कारण भाजण्याचा धोका खरा आहे.

संपल्यावर पोट जरासं लाल दिसत होतं, एवढंच. ती चालत खाली आली आणि आम्ही रिक्षा केली.

खरं काम यानंतर शरीर करतं. उष्णतेने इजा झालेल्या मेदपेशी मरतात, भक्षक पेशी त्यांचा निचरा करू लागतात आणि याला आठवडे लागतात. त्या काळात हात लावला की दुखतं, कुठे गाठीसारखं कडक लागतं. हलक्या हाताने मालिश करायला सांगतात. फरक साधारण सहा आठवड्यांनी दिसू लागतो, पुरता बाराव्या आठवड्याच्या सुमारास. तोवर रोज आरशासमोर उभं राहून जीव खाली-वर करण्यात अर्थ नाही. बऱ्याच जणांना एकापेक्षा जास्त सेशन लागतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेल्या फुगू शकतात.

जावेच्या नंतरच्या फोटोंत कमरेची वळी बसलेली स्पष्ट दिसते. वजनाचा काटा मात्र जिथल्या तिथे. हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून ती खट्टू झाली नाही. बांधा सुधारावा एवढीच तिची इच्छा होती आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

मला काळजी वाटते ती आतल्या चरबीची. आतड्यांभोवतीची, यकृतातली चरबी चिमटीत येत नाही आणि मधुमेहाशी तिचंच नातं जास्त घट्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असू शकते, हे गुपित जगापुढे मांडलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ते दिसायला कुठेही लठ्ठ नव्हते.

लेझरच्या पैशांत साखरेची आणि चरबीच्या प्रमाणाची रक्ततपासणी धरलेली नसते. जावेच्या डॉक्टरांनी ती वेगळी लिहून दिली, याबद्दल मी त्यांची मनापासून आभारी आहे. रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची साखर काठावर आली. आता पुढच्या सेशनआधी ती आहारतज्ज्ञांकडे जाते आहे.