गब्रीएल गोराच असतो का?

मुलांनो, नाताळचं नाटक तुमच्याकडेही बसवतात ना? आमच्या देवळात ते काम माझ्याकडे असतं. आठवडाभर शाळेत शिकवायचं आणि रविवारी भक्तीनंतर तालीम घ्यायची. पाच वर्षं मी नाटक बसवलं आणि पाचही वर्षं गब्रीएल देवदूत झालेली मुलगी गोरीपान होती. मेंढपाळ आणि मेंढरं कोण? उरलेली सगळी! खरं सांगते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं सातवीतल्या एका मुलीनं. तिची आई देवळाची झाडलोट करते. मुलगी रंगानं काळीसावळी, पण आवाज असा खणखणीत, की शेवटच्या बाकावरच्या आजीबाईंनाही ऐकू जावा. सगळ्यांचे संवाद तिला पाठ. आणि तीन वर्षं ती मेंढरू! तालमीच्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, गब्रीएल गोराच असतो का?"

"चला चला, उशीर होतोय," असं म्हणून मी वेळ मारून नेली. (आम्हां मोठ्यांची ही युक्ती तुम्हांला ठाऊक आहेच.) घरी जाऊन लूकचं शुभवर्तमान उघडलं. गब्रीएल मरीयेला भेटायला नासरेथला येतो, तो भाग पहिल्याच अध्यायात आहे. त्याच्या रंगाबद्दल तिथं एक अक्षरही नाही. रंग मीच भरला होता.

आपण म्हणतो ना, 'तोंड पाहून वाढलं'? नवा करार ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, तिच्यातही पक्षपाताला असाच शब्द आहे, 'तोंड पाहून स्वीकारणं'. याकोबाच्या पत्रात तर चित्रच काढलंय. सभेत दोघं येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे. त्याला चांगली जागा. दुसऱ्याचे कपडे मळलेले. त्याला सांगायचं, उभा राहा नाहीतर इथं पायांशी बस! विश्वासणाऱ्यांना हे शोभत नाही, असं याकोबानं खडसावलंय.

मला मात्र जवळचा वाटला तो पेत्र. गालीलचा हा कोळी. एकदा तो समुद्रकाठच्या यापो गावी, शिमोन नावाच्या चांभाराकडे उतरला होता. तेव्हा कैसरीयाहून कर्नेल्य नावाच्या रोमी सैन्याधिकाऱ्याचं बोलावणं आलं. यहुदी माणसानं परक्यांच्या घरी जायचं नाही, अशी तेव्हाची रीत. तरी पेत्र गेला. कर्नेल्य त्याच्या पाया पडला, तर पेत्रानं त्याला उठवलं आणि मीही माणूसच आहे, असं सांगितलं. देव तोंड पाहून वागत नाही, हे आपल्याला आता कळलं, असंही तो तिथंच म्हणाला. प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय वाचा, अगदी नाटकासारखा आहे.

पण पुढची गोष्ट ऐकलीत का? अंत्युखिया शहरात हाच पेत्र परक्यांच्या पंगतीत जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि लोक काय म्हणतील या भीतीनं तो पंगतीतून बाजूला झाला! पौलानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. एवढा मोठा प्रेषित, कळूनही घसरला. तिथं माझी काय कथा?

तर मी ठरवलं, यंदा तोंडच पाहायचं नाही. मुलांनी पडद्याआडून संवाद म्हणायचे. मला सगळ्यांचे आवाज ओळखू येतात, म्हणून परगावच्या एका शिक्षिकेला परीक्षक म्हणून बोलावलं. त्यांनी नंबर लिहून दिले. गब्रीएलचा नंबर निघाला त्या सातवीतल्या मुलीचा. मरीया झाली एक लाजरीबुजरी मुलगी, जिचा आवाज मी तोवर नीट ऐकलाच नव्हता. आणि गेल्या वर्षीचा गोरा गब्रीएल झाला मेंढपाळ!

दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचे वडील घरी आले. देवळाला लाउडस्पीकर त्यांनीच दिलेला. "बाई, आमची बेबी मेंढपाळ? पाहुण्यांना बोलावलंय आम्ही." पालकहो, खोटं कशाला बोलू, माझी जीभ जड झाली. लाउडस्पीकर डोळ्यांपुढं आला. चहा केला, सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बरं," आणि अर्धा चहा ठेवून गेले. बेबीला मात्र घोंगडी आणि काठी फारच आवडली. तिनं खऱ्या मेंढपाळासारखी शीळ घालायलाही शिकून घेतली.

नाटक झकास झालं. नंतर मी करंज्या वाटत होते. प्रत्येकाला एक, असं ठरलेलं. पहिल्या रांगेत बेबीचे वडील आणि त्यांचे पाहुणे बसले होते. त्यांच्या बशांत दोन-दोन ठेवून मी पुढं सरकले, तर समोर गब्रीएल उभी, अजून पांढऱ्या साडीत. ती काही बोलली नाही. तिनं आधी त्या बशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.