बाळ दूध टाकतं, औषध कोणतं द्यायचं?

‘‘डॉक्टर, यातलं एकही औषध लागू पडलं नाही. आता तुम्हीच एखादं जालीम द्या,’’ असं म्हणत आजींनी माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली. ग्राइप वॉटर, पोटदुखीचे थेंब, उलटीचे थेंब, ॲसिडिटीचं सिरप आणि आणखी दोन बाटल्या! नातू अवघा चार महिन्यांचा. मांजरीतल्या माझ्या दवाखान्यात महिन्यातून एकदा तरी अशी पिशवी येतेच.

मी आधी बाळाला वजनकाट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळी 2.8 किलो, आता 6.3 किलो. लंगोट दिवसातून सात-आठ वेळा ओला होत होता. बाळ माझ्याकडे बघून हसलं आणि लगेच माझ्या बाहीवर दुधाची गुळणी टाकून मोकळं झालं. मग आईला विचारलं, ‘‘पाजता कसं?’’ तेव्हा उलगडा झाला. अंगावरचं दूध पुरत नसेल या धास्तीने प्रत्येक वेळी वरून 120 मिलिलिटरची बाटली, तीही आडवं निजवून! भरलेल्या तांब्यात आणखी पाणी ओतलं तर ते बाहेर सांडणारच. त्यात तांब्याचा काय दोष?

असं का होतं?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. तान्ह्या बाळाची ही झडप अधूनमधून सैल पडते. आहार पातळ, पोट लहान आणि दिवसाचा बराच वेळ आडवं पडलेलं; त्यामुळे दूध सहज वर येतं. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चार महिन्यांच्या सुमारे दोनतृतीयांश बाळांमध्ये दिवसातून एकदा तरी दूध बाहेर येत असल्याचं दिसलं. वर्षाच्या सुमारास हे प्रमाण शंभरात पाचवर आलं. म्हणजे बहुतेकांचं खरं औषध काळ हेच!

आम्लाची औषधं काय करतात?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ही औषधं दूध वर येणं थांबवत नाहीत, वर येणाऱ्या दुधातलं आम्ल तेवढं कमी करतात. 2009 साली रडणाऱ्या, दूध टाकणाऱ्या 162 बाळांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना लॅन्सोप्राझोल दिलं, अर्ध्यांना नुसतं दिसायला तसंच, पण औषध नसलेलं. दोन्ही गटांत 54 टक्के बाळांना सारखाच आराम पडला. औषध घेणाऱ्यांत छातीचे गंभीर जंतुसंसर्ग मात्र जास्त दिसले. जठरातलं आम्ल जंतूंना अडवतं, तेच आपण काढून घेतो.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मीही सिसाप्राइड लिहून दिलं आहे. पुढे त्याने हृदयाचे ठोके बिघडतात असं कळलं. अमेरिकेत 2000 साली ते बाजारातून काढलं गेलं, आपल्याकडे 2011 साली त्यावर बंदी आली. रॅनिटिडीन तर घरोघरचं औषध. त्यात कर्करोगाची शंका असलेला घटक आढळल्याने अमेरिकेने 2020 साली ते मागे घ्यायला लावलं आणि 2022 साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळलं गेलं. डायसायक्लोमीनचे पोटदुखीचे थेंब सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊच नयेत. श्वास अडखळू शकतो. शेजारणीच्या घरी उरलेली बाटली आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

खरी गरज कोणाला?

वजन वाढत नाही, पिताना बाळ पाठ ताणून किंचाळतं, उलटीत रक्त दिसतं, अशा बाळांची गोष्ट वेगळी. अन्ननलिकेला सूज आली असेल तर ओमेप्राझोलसारखं औषध बालरोगतज्ज्ञ ठरावीक आठवडे देतात आणि त्याचा गुण येतो. पण ते पाजण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यावं लागतं आणि कॅप्सूलमधले दाणे कुटायचे नसतात. कुटले की वरचं आवरण जातं आणि जठरातलं आम्लच औषध निकामी करतं. ‘लागू पडत नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. मोजमाप बाटलीसोबतच्या ड्रॉपरनेच करावं, घरच्या चमच्याने नव्हे. थेंब आणि सिरप यांची तीव्रताही वेगळी असते. एकाचा डोस दुसऱ्याला लावू नये. काही बाळांना गाईच्या दुधातली प्रथिनं सोसत नाहीत. अंगावर पुरळ किंवा शीत रक्त असेल तर डॉक्टरांना तेही सांगा.

माझी एक चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी पाच आठवड्यांचं एक बाळ आलं होतं. उलटी हातभर लांब उडायची आणि लगेच ते भुकेने रडायचं. मी ‘होतं असं’ म्हणून थेंब दिले. चार दिवसांनी ते सुकून आलं. सोनोग्राफीत जठराचं पुढचं तोंड जाड होऊन बंद होत आल्याचं दिसलं. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, बाळ वाचलं. ते चार दिवस माझ्या खात्यावर आहेत. तेव्हापासून उलटी ऐकून नव्हे, बाळाला समोर पाजून आणि वजन करूनच मी निर्णय घेतो.

म्हणून मातांनो, एवढं करा. थोडं थोडं पाजा. मध्येच आणि शेवटी ढेकर काढा. वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट जागीच. पाजल्या पाजल्या न्हाऊ-माखू घालू नका. सहा महिन्यांपर्यंत घुटी, पेज, ग्राइप वॉटर काहीही नको. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, उडून पडत असेल, पोट फुगलं असेल, टाळू वर आली असेल, लघवी कमी झाली असेल, बाळ मलूल किंवा निळं पडलं असेल, तर रात्र असली तरी थांबू नका.

त्या आजींच्या नातवाची वरची बाटली आम्ही हळूहळू सोडवली, औषधं सगळी बंद केली. तीन आठवड्यांनी वजन 6.7 किलो! ‘‘अजून टाकतोय हो दूध,’’ आजी म्हणाल्या, ‘‘पण आता भीती नाही वाटत.’’ मी चिठ्ठीवर फक्त पुढच्या लसीची तारीख लिहिली.