विश्लेषण : शिक्षण परिषदेत तास घ्यायचा, तर तयारी नेमकी कशाची?

'मॅडम, या महिन्याच्या परिषदेत गणिताचा तास तुम्ही घ्या,' असा केंद्रप्रमुखांचा फोन येतो आणि जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिकेची धावपळ सुरू होते. परिषद तीन-चार दिवसांवर आलेली असते. व्हॉट्सअॅपवर कुठून तरी एक पीपीटी येऊन पडते आणि अनेकदा तीच पडद्यावर वाचून दाखवली जाते. जमलेले शिक्षक ऐकतात, हजेरीवर सही करतात, चहा घेतात आणि निघतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे जसेच्या तसे. हे टाळता येते का? एका तासासाठी किती आणि कशी तयारी लागते? दुसरीच्या मुलांना दोन अंकी संख्या शिकवणे या नेहमीच्या विषयाच्या आधारे हे समजून घेऊ.

शिक्षण परिषद म्हणजे काय?

राज्यातील प्राथमिक शाळांची विभागणी 'केंद्रां'मध्ये केलेली आहे. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख. डोंगराळ किंवा विखुरलेल्या वस्तीत शाळांची संख्या कमी-जास्त होते. या शाळांतील शिक्षक महिन्यातून एकदा एखाद्या शाळेत जमतात, ती केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. जुने शिक्षक अजूनही तिला गटसंमेलन म्हणतात. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्ह्याची 'डाएट' यांच्याकडून विषय येतात, केंद्रप्रमुख त्यात स्थानिक गरजेची भर घालतात आणि त्याच शिक्षकांपैकी एक-दोघांना 'सुलभक' म्हणून उभे करतात.

मोठ्या परिषदांत प्रवेशाआधीच चाळणी असते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या 'एपिस्टेम' या परिषदेत (पहिली २००४ मध्ये गोव्यात झाली) काय मांडणार हे आधी लेखी द्यावे लागते आणि ते तपासले जाते. केंद्राच्या परिषदेत तसे कोणी विचारत नाही. म्हणून ती चाळणी सुलभकाने स्वतःच स्वतःला लावावी लागते.

एका तासाची किंमत किती?

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे, असे ठरवून दिले आहे. परिषदेला शिक्षक गेले की त्यांच्या वर्गाचा वेळ जातो. द्विशिक्षकी शाळेत तर एक जण गेला की उरलेल्या एकावर चारही वर्ग येतात. चाळीस शिक्षक एक तास बसले, म्हणजे चाळीस वर्गांचा प्रत्येकी एक तास खर्च झाला. तो भरून काढेल असे काही त्या तासात मिळाले पाहिजे, एवढी साधी ही अपेक्षा आहे.

दुसरीकडे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने तर इयत्तावार लक्ष्ये आखली: पहिलीअखेर ९९ पर्यंत, दुसरीअखेर ९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला मूलभूत वाचन आणि गणित यावे, यासाठी मुदत आहे २०२६-२७ ची. तास मोजायला सोपे असतात. त्यातून पहिलीतल्या मुलाला ३७ आणि ७३ मधला फरक कळला का, हे मोजणे अवघड.

तयारीची सुरुवात कुठून करायची?

पीपीटीपासून नाही. वह्यांपासून.

सुलभकाने आपल्या आणि शेजारच्या एखाद्या शाळेतल्या दुसरीच्या मुलांना दहा संख्यांचे श्रुतलेखन द्यावे. सतरा, पंचवीस, एकोणतीस, एकतीस, सत्तावीस, बावन्न, एकोणसाठ अशा मुद्दाम निवडलेल्या. चुका गोळा झाल्या की त्यांच्यातली शिस्त दिसू लागते. 'पंचवीस' ऐकून मूल ५२ लिहिते, कारण त्याला 'पंच' आधी ऐकू येतो आणि 'वीस' नंतर. 'सत्तावीस'चे ७२ होतात ते यामुळेच. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते, म्हणजे खरे तर ते लक्षपूर्वक ऐकत असते.

'एकोण'चा घोळ वेगळाच. 'एकोणतीस' ऐकून कोणी ३९ लिहिते, कोणी ३१. तिसाला एक कमी म्हणजे एकोणतीस ही वजाबाकी मुलाच्या गावीही नसते. शिवाय ही रीत ८९ पर्यंतच चालते. ८९ ला 'एकोणनव्वद' म्हणायचे, पण ९९ ला मात्र 'नव्व्याण्णव'. मोठ्या माणसांना हे खटकत नाही, कारण ते कधीच पाठ होऊन गेलेले असते.

नावे झाकून अशा पंधरा-वीस वह्यांच्या पानांचे फोटो किंवा झेरॉक्स घेतल्या, की तासाचा निम्मा मजकूर तयार झाला. परिषदेत पाने वाटून एकच प्रश्न विचारायचा: 'या मुलाने असे का लिहिले असेल?' 'काय चुकले?' असे विचारले की शिक्षक लाल पेन काढतात. 'का?' विचारले की बोलू लागतात.

२०१९ चा वाद पुन्हा निघाला तर?

निघणारच, आणि त्याची तयारी नसेल तर तास तिथेच संपतो. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' अशा वाचनाची पद्धत आली आणि गदारोळ उडाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका मांडली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुलांना संख्यांची नावे जड जातात, हे त्यांचे म्हणणे होते. भाषेचा गोडवा जाईल, बाजारात मुलांना हिशेब कळणार नाही, असे आक्षेप आले. चर्चा विधिमंडळापर्यंत गेली.

आजही चाळीस शिक्षकांत या विषयावर दोन तट पडतात. सुलभकाने कोणत्याही बाजूचे वकीलपत्र घेऊ नये. वाद मिटवणे हे त्या तासाचे कामच नाही. त्याऐवजी वह्यांतली आणखी एक चूक पुढे ठेवावी. 'वीस पाच' ऐकणारी काही मुले २०५ लिहितात. वीस म्हणजे २०, त्यापुढे ५. म्हणजे नव्या वाचनाने एक खड्डा बुजतो आणि दुसरा दिसू लागतो. त्यावरचा उपाय स्वस्त आहे. २० चे एक रुंद कार्ड आणि ५ चे एक अरुंद कार्ड घ्यायचे. ५ चे कार्ड २० मधल्या शून्यावर नेमके बसवायचे, की २५ दिसतात. उचलले की शून्य पुन्हा दिसते. नाव पंचवीस घ्या की वीस पाच, कार्ड दोघांनाही चालते. इथे दोन्ही तट शांत होतात असा दावा नाही, पण बोलणे मुलांच्या वहीवर परत येते.

शिक्षकांना मुलाची अडचण जाणवणार कशी?

ही तयारीतली सर्वांत अवघड आणि सर्वांत मजेची गोष्ट. ज्याला २५ डोळे मिटून लिहिता येतात त्याला ते न येणे म्हणजे काय, हे भाषणाने कळत नाही. त्यासाठी त्याला क्षणभर पुन्हा पहिलीत बसवावे लागते.

एक खेळ असा. दहाऐवजी पाचाचे गठ्ठे बांधायचे. अंक फक्त पाच: शून्य, क, ख, ग, घ. क म्हणजे एक, ख दोन, ग तीन, घ चार. पाच चिंचोके झाले की एक गठ्ठा आणि सुटे काहीच नाहीत, म्हणून पाच लिहायचे 'क०'. सात म्हणजे एक गठ्ठा, दोन सुटे: 'कख'. बारा म्हणजे दोन गठ्ठे, दोन सुटे: 'खख'. चौघांच्या गटाला तीस चिंचोके आणि रबरबँड द्यायचे आणि विचारायचे, चौदा कसे लिहाल? (खघ.) घ आणि ग यांची बेरीज किती? (कख.) आणि 'घघ' नंतर काय येते?

शेवटच्या प्रश्नाला गोंधळ ठरलेला. घघ म्हणजे चोवीस. त्यात एक मिळवला की पाच गठ्ठे होतात, त्यांचा एक मोठा गठ्ठा बांधावा लागतो आणि उत्तर येते 'क००'. नव्व्याण्णवनंतर शंभर लिहिताना मुलाचा पेन जिथे अडतो, तीच ही जागा.

मग खरी गंमत. सुलभक सांगतो, आता या संख्या मराठीसारख्या वाचू, सुटे आधी आणि गठ्ठे नंतर. तो म्हणतो 'ग-ख', लिहायचे असते 'खग'. वीस-वीस वर्षे गणित शिकवलेली मंडळी 'गख' लिहून बसतात. वर्गात हशा पिकतो. त्या हशाच्या मागोमाग कोणी तरी स्वतःहून म्हणते, 'आपली पोरं हेच करतात की.' हे वाक्य सुलभकाने आधी बोलून टाकू नये. ते समोरून येण्यासाठी गप्प बसायचा सराव करावा लागतो, आणि शिक्षकाला गप्प बसणे सर्वांत कठीण जाते.

असा खेळ ऐन वेळी सुचलेल्या उदाहरणांवर चालत नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सुलभकाने आधी स्वतः चिंचोके मांडून काढलेले आणि कागदावर लिहिलेले असावे. फळ्यासमोर स्वतःच 'खघ' आणि 'घख'मध्ये अडकला, तर हसे त्याचे होते. शाळेतल्या जोडीदार शिक्षकाला आदल्या दिवशी सुट्टीनंतर समोर बसवून एकदा रंगीत तालीम करावी. वीस मिनिटे लागतात. त्यात कुठली सूचना कळत नाही, ते लगेच दिसते.

पीपीटी लागतेच का?

लागतेच असे नाही. लाईट जाते, प्रोजेक्टरची केबल मिळत नाही, दुपारच्या उन्हात पडद्यावरचे दिसत नाही. दहा गटांसाठी ३०० चिंचोके, रबरबँड, वह्यांच्या पानांचे दहा संच, कार्डशीटची कापलेली कार्डे, खडू. एवढे एका पिशवीत मावते. संच गटवार आधीच बांधून ठेवावेत, नाही तर वाटपात दहा मिनिटे जातात. बाके सरळ रांगेत असतील तर ती फिरवून घ्यायला यजमान शाळेच्या मुख्याध्यापकांना आदल्या दिवशीच सांगावे.

वेळेचे गणित कुठे चुकते?

कागदावर तास साठ मिनिटांचा असतो. स्वागत, प्रास्ताविक, कोणाचा वाढदिवस, कोणाची बदली, एखादे परिपत्रक आणि ऑनलाइन माहिती भरण्याची आठवण, यात पहिली पंधरा मिनिटे जातात. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. तास ४५ मिनिटांचाच आहे, असे धरून आखावा. वह्यांना बारा, चिंचोक्यांना पंधरा, कार्डे आणि त्यावरच्या चर्चेला दहा, आणि उरलेली आठ मिनिटे प्रत्येकाने 'सोमवारी माझ्या वर्गात काय करणार' हे लिहिण्यासाठी.

वेळ आणखी कमी पडला तर काय गाळायचे, तेही आधी ठरलेले हवे. बहुतेक सुलभक शेवटचा भाग गाळतात, कारण तो शेवटी असतो. खरे तर कार्डांची चर्चा आखडती घ्यावी आणि शेवटची आठ मिनिटे राखावीत.

एवढे करून वर्गात फरक पडतो?

एका तासाने फार नाही, हे मान्य करायला हवे. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. सिद्धांत सांगणे, करून दाखवणे, सराव करू देणे, त्यावर अभिप्राय देणे आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात सोबत करणे, असे पाच घटक त्यांनी मांडले. पहिल्या एक-दोन घटकांवर थांबलेले प्रशिक्षण सहसा वर्गात उतरत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला असे झिरपत येते आणि दर पायरीला पातळ होते. चौथ्या पायरीवर उरतो तो पडद्यावरचा मजकूर. केंद्राच्या परिषदेची जमेची बाजू मात्र अशी की, इथला सुलभक पाहुणा नसतो. तो पाच किलोमीटरवरच्या शाळेत रोज शिकवतो, पुढच्या महिन्यात पुन्हा भेटतो आणि मधल्या काळात त्याला फोन करता येतो. पाचवा घटक, म्हणजे वर्गातली सोबत, मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञाला शक्य नसते, ती त्याला शक्य असते.

त्यासाठी तास संपताना एक छोटे काम सर्वांना द्यावे. तेच दहा संख्यांचे श्रुतलेखन आपल्या वर्गात घ्यायचे, तीन आठवडे कार्डे वापरायची, पुन्हा तेच श्रुतलेखन घ्यायचे आणि पुढच्या परिषदेला पाच मुलांच्या दोन्ही वेळच्या वह्या घेऊन यायचे. पुढच्या वेळी चाळीसपैकी दहा जणांनी जरी वह्या आणल्या, तरी त्या महिन्याच्या तासाची सामग्री टेबलावर तयार असते आणि पीपीटी शोधावी लागत नाही.