दुसऱ्या शहराचा भाव

‘सिव्हिलायझेशन’ हा संगणकावरचा खेळ खेळताना राजधानी कुठे वसवायची यावर फारसं डोकं चालवावं लागत नाही. सेटलर, म्हणजे शहर वसवणारा मोहरा, उभा असेल तिथेच, नाहीतर एखाद-दोन घरं सरकून नदीकाठ गाठायचा, आणि झाली राजधानी. डोकं लागतं ते दुसऱ्या शहराला. ते कधी वसवायचं, कुठे, आणि त्यापायी राजधानीची वाढ किती काळ खोळंबू द्यायची? १९९१ ते २०२५ या काळात मालिकेचे सात मुख्य भाग आले. चित्रं बदलली, चौकोनी घरांची षटकोनी झाली, लढायांची रीत बदलली. पण खेळाडूने नुसती शहरंच वसवत सुटू नये म्हणून त्याच्याकडून काय वसूल करायचं, हे मात्र दर भागाला नव्याने ठरवावं लागलं आहे. मला तरी प्रत्येक भागाची ओळख त्या वसुलीवरूनच पटते.

पहिला भाग सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोज कंपनीत केला. मायर यांचा अगदी सुरुवातीचा आराखडा टर्नचा नव्हता. ‘सिमसिटी’च्या वळणाने तो घड्याळाबरोबर चालत राहायचा. तो बाजूला पडला हे बरंच झालं. शहराभोवतीची पाच बाय पाच घरं, चार कोपरे वगळून एकवीस, एवढा एका शहराचा मुलूख. एक माणूस एक घर कसतो. मात्र शहर ज्या घरावर उभं आहे ते माणसाविना, फुकटात पिकतं. म्हणजे दहा वस्तीच्या एका शहराला अकरा घरांचं उत्पन्न मिळतं आणि एकेक वस्तीच्या दहा शहरांना वीस घरांचं. शिवाय एवढ्याशा गावात नाराजीचा प्रश्न नाही, त्यामुळे देवळं आणि कलोसियम बांधण्याची कटकट नाही. ब्रायन रेनल्ड्स यांच्या दुसऱ्या भागात, १९९६ साली, हे दुखणं आणखी उघड्यावर आलं. मधे जेमतेम एखाद-दुसरं घर सोडून नकाशाभर शहरं पेरण्याच्या या पद्धतीला खेळाडूंनी ‘इन्फिनिट सिटी स्प्रॉल’ असं नाव दिलं, बोलताना नुसतं ‘आयसीएस’. ती जिंकून द्यायची, पण जिंकेपर्यंत खेळाडूचा कारकून व्हायचा.

राजधानीपासून जितकं लांब तितका भ्रष्टाचार, ही वसुली पहिल्या भागापासून होती. फायरॅक्सिस कंपनीच्या तिसऱ्या भागाने (२००१) ती इतकी कडक केली की दूरच्या शहरात काहीही बांधा, टर्नला एक शील्ड उत्पादन. कोर्टहाउसनेही फारसा फरक पडत नसे. ‘फॉरबिडन पॅलेस’ बांधून दुसरं केंद्र उभं करणं हाच काय तो आधार. एवढं करूनही विस्तार थांबला नाही, उलट वाढला. कारण याच भागात संस्कृतीच्या जोरावर पसरणाऱ्या सीमा आल्या, आणि रिकामी जागा दिसली की संगणकाचे खेळाडू बर्फाळ टुंड्रातही सेटलर आणून बसवू लागले. आपण नाही घेतली तर तो घेणार, मग निरुपयोगी का असेना, आपणच घेऊ!

या घाईतून ‘सेटलर फॅक्टरी’ निघाली. शहरात दर टर्नला पाच धान्य शिल्लक पडत असेल आणि कोठार बांधलेलं असेल, तर दोन टर्नला एक माणूस वाढतो. सेटलरला दोन माणसं आणि तीस शील्ड लागतात. तेव्हा चार टर्नमध्ये तीस शील्ड जमतील एवढी सोय केली की दर चौथ्या टर्नला एक सेटलर वेशीबाहेर पडतो. त्या शहराने दुसरं काहीही करायचं नाही. मालिकेतला हा सर्वात देखणा हिशेब, आणि खेळायला सर्वात रुक्ष.

मग २००५ साली सोरेन जॉन्सन यांचा चौथा भाग आला आणि वसुली रोखीत सुरू झाली. प्रत्येक शहराला देखभालीचा खर्च. तो राजधानीपासूनच्या अंतराने वाढतो आणि एकूण शहरांच्या संख्येनेही. भ्रष्टाचारात उत्पन्न हाती येण्याआधीच गळून जायचं; इथे खजिन्यातून सोनं जाताना डोळ्यांना दिसतं. पाचवं-सहावं शहर झालं की संशोधनाकडे वळवलेला हिस्सा ऐंशी टक्क्यांवरून साठ, साठावरून चाळीस असा खाली आणावा लागतो. नाही आणला तर तिजोरी रिकामी होते आणि पगाराविना सैन्य संपावर जातं. पण हे ओझं कायमचं नाही. नव्या शहराजवळ कॉटेज बांधून तिथे माणूस बसवला की दहा टर्नमध्ये त्याचं हॅम्लेट होतं, आणखी वीस टर्नमध्ये व्हिलेज, त्यापुढे चाळीस टर्नमध्ये टाउन, आणि प्रत्येक पायरीला उत्पन्न वाढतं. थोरल्याचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं, सुरुवातीला पैसे पाठवले आणि पुढे त्यानेच घरी पाठवायला सुरुवात केली, तसा हा व्यवहार. किती बिऱ्हाडं एका वेळी पोसता येतील, एवढंच ओळखायचं.

सेटलर तयार होत असताना शहराची वाढ थांबते आणि शिलकीचं धान्य त्याच्या उत्पादनात जातं, हाही इथला नियम. म्हणून जाणता खेळाडू बहुतेकदा आधी वर्कर काढतो. तो शेती सुधारतो, ब्राँझ वर्किंगचा शोध लागला की जंगल तोडतो. त्याच शोधाने गुलामगिरीही लागू करता येते आणि एका माणसाचा बळी देऊन तीस हॅमर उत्पादन मिळतं. (असं लिहितानाही कसंसंच होतं, खेळताना सगळे बिनदिक्कत करतात.)

जॉन शेफर यांच्या पाचव्या भागाने (२०१०) रोख सोडून मनःस्थितीवर कर बसवला. साऱ्या साम्राज्याचा आनंद एकाच आकड्यात. दर शहरामागे तीन आणि दर माणसामागे एक एवढी नाराजी. सीमेवर गाव वसलं म्हणून राजधानीतल्यांनी का रुसावं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. २०१३ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ या पुरवणीने भर घातली: सर्वसाधारण आकाराच्या नकाशावर प्रत्येक नव्या शहरामागे पुढचे शोध ५ टक्क्यांनी महाग. नॅशनल कॉलेज हवं तर प्रत्येक शहरात आधी ग्रंथालय हवं. ‘ट्रॅडिशन’ धोरणाची मोफत इमारती देणारी बक्षिसं पहिल्या चार शहरांपुरती. मग काय, चार शहरं वसवून दार लावून घ्यायचं, हाच राजमार्ग झाला. विस्ताराचा खेळ विस्तारालाच घाबरू लागला.

याच भागात भारताचे नेते गांधी. त्यांच्या भारताचं वैशिष्ट्य काय, तर शहरांच्या संख्येची नाराजी दुप्पट आणि माणसांची निम्मी. म्हणजे मोजकी आणि अवाढव्य शहरं हाच भारताच्या फायद्याचा मार्ग. ‘खेड्यांकडे चला’ सांगणाऱ्या माणसाच्या नावावर हे खपवणाऱ्यांनी आपली जनगणना पाहिली असावी. गांधी वाचले नसावेत.

एड बीच यांच्या सहाव्या भागाने (२०१६) लंबक पार उलटा नेला. इमारती शहराबाहेर पसरल्या, प्रत्येक डिस्ट्रिक्टला नकाशावर स्वतःचं घर लागू लागलं, आणि जमीन हीच खरी संपत्ती झाली. संख्येचा दंड जवळजवळ नाहीच. फक्त प्रत्येक पुढचा सेटलर आधीच्यापेक्षा महाग. २०१८ च्या ‘राइज अँड फॉल’ या पुरवणीने निष्ठेचा नियम आणला, त्यामुळे शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन वसवलेलं शहर काही टर्नमध्ये फितूर होऊ लागलं. हा नियम मला मनापासून आवडला, कारण त्याने ‘किती’ऐवजी ‘कुठे’ला किंमत लावली.

फेब्रुवारी २०२५ मधल्या सातव्या भागात सरळ मर्यादाच छापून दिली आहे. ठरलेल्या संख्येपलीकडे वस्ती केली की सगळीकडचा आनंद घटतो. नवे शोध लागतील तशी मर्यादा सैल होते. मला हे तलाठ्याच्या नोटिशीसारखं कोरडं वाटतं. पण एक गोष्ट चांगली: सेटलरने वसवलेलं ठिकाण आता आधी टाउन असतं, त्याचं उत्पादन सोन्यात बदलतं, पुढे ते शहराला धान्य पुरवू शकतं, आणि सोनं मोजलं तरच त्याचं शहर होतं. दर टर्नला प्रत्येक गावात काय बांधायचं ही कारकुनी त्यामुळे बरीच कमी झाली.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तरीही चौथाच भाग सुचवेन. चित्रं जुनाट वाटतील, त्याला इलाज नाही. पहिल्या दोन-तीन शहरांभोवती कॉटेजेस बांधा, करन्सी किंवा कोड ऑफ लॉज हा शोध हाती येईपर्यंत सहाव्या शहराच्या नादी लागू नका, आणि शेजारी अ‍ॅझ्टेकांचा भांडखोर राजा माँटेझुमा निघाला तर त्याच्या बाजूचं शहर आधी वसवून त्यात धनुर्धारी ठेवा. तो येणारच आहे.