छोटी गाडी, मोठी गाडी आणि समोरासमोरची टक्कर

टकरीत आतल्या माणसाचा वेग किती आणि किती झटक्यात बदलतो, यावर इजा ठरते. समजा, 800 किलोची हॅचबॅक आणि 1600 किलोची एसयूव्ही प्रत्येकी ताशी 60 किलोमीटरने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या. मग दोन्ही मिळून एसयूव्ही जात होती त्या दिशेने ताशी 20 च्या वेगाने सरकतात. एसयूव्हीच्या वेगात फरक पडला 40 चा, हॅचबॅकच्या वेगात 80 चा. छोटी गाडी नुसती थांबत नाही, मागे रेटली जाते.

2009 साली अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने हे प्रत्यक्ष दाखवले. स्मार्ट फॉरटू आणि मर्सिडीज सी-क्लास प्रत्येकी ताशी 64 किलोमीटरने आदळवल्या. स्मार्ट हवेत उडाली आणि सव्वा फेरी गरकन फिरली. अडथळ्यावरच्या चाचणीत तिला ‘चांगली’ असा शेरा होता. इथे मिळाला ‘वाईट’.

सुरक्षा चाचणीतले तारे फसवतात ते इथेच. भारत एनसीएपी या आपल्याकडच्या चाचणीतही समोरच्या धडकेत गाडी ठरावीक अडथळ्यावर आदळते, म्हणजे स्वतःच्याच वजनाशी झुंजते. हॅचबॅकचे पाच तारे आणि एसयूव्हीचे पाच तारे त्यामुळे एका तागडीत घालता येत नाहीत.

भिंत किंवा पुलाच्या खांबापुढे मात्र वजनाचा फायदा जवळपास संपतो. तिथे महत्त्व केबिन शाबूत राहण्याला आणि सीटबेल्टला. उंच गाडीला उलटण्याचा धोकाही जास्त. ईएससीने, म्हणजे गाडीचा तोल सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, तो बराच कमी केला, संपवला नाही.

गाडी घेताना साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांचेच तारे ताडून पाहावेत.