जुन्या रिसीव्हरची दुरुस्ती – भाग ४ : आधी बल्ब, मग आवाज

मागच्या भागात आपण चोरबाजारातून आणलेल्या रिसीव्हरचं झाकण उघडलं, धूळ झाडली, फुगलेले कपॅसिटर शोधले. आता हात शिवशिवतात ते प्लग लावायला. आवरा. माझा पहिला रिसीव्हर साकीनाक्याच्या घरी आणला त्याच रात्री मी तो थेट सॉकेटमध्ये लावला होता. आतला ट्रान्सफॉर्मर मोठ्यानं घुमला आणि वार्निश जळाल्याचा वास खोलीभर पसरला. मागच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलेलं मी वाचलं नव्हतं, आणि फ्यूजच्या जागी आधीच्या कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवली होती. तसा ट्रान्सफॉर्मर मला पुन्हा मिळाला नाही. त्याची हळहळ अजून आहे.

म्हणून आधी मागची पट्टी वाचा. १९७०च्या दशकात पायोनिअर, सान्सुई, मरँट्झचे रिसीव्हर जगभर गेले, पण वीज सगळीकडे सारखी नव्हती. जपानमध्ये १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो २२० किंवा २४०वर हवा. तो नसेल आणि पट्टीवर १०० किंवा १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. डायलही पाहा, तोही विकत घेण्याआधी. खास जपानमधल्या विक्रीसाठी बनवलेल्या त्या काळच्या सेटवर एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतं. मुंबईत विविध भारती १०२.८वर आणि एफएम रेनबो १०७.१वर. दुरुस्ती कितीही चोख झाली, तरी ही स्टेशनं त्या काट्याला सापडायची नाहीत.

आता सीरिज बोर्ड. साकीनाक्यात खैरानी रोडच्या बाजूला मोटर वाइंडिंगचं काम चालणाऱ्या एखाद्या गाळ्यात डोकावलात, तर भिंतीला ठोकलेला हा बोर्ड दिसेल. फेजची तार मध्ये तोडून तिथं बल्बचा होल्डर बसवायचा, म्हणजे रिसीव्हरला जाणारी सगळी वीज त्या बल्बमधून जाते. बल्ब जुन्या पद्धतीचा, १०० वॉटचा, फिलामेंटचाच हवा. एलईडी इथं कामाचा नाही. फिलामेंट थंड असताना त्याचा रोध चाळीसएक ओहम असतो, पूर्ण पेटल्यावर सुमारे ५३० ओहम. रिसीव्हर ठीक असेल तर तो थोडीच वीज ओढतो, बल्ब थंड राहतो आणि वाट मोकळी असते. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, रोध वाढतो आणि करंट अर्ध्या अँपिअरच्या आतच अडतो. ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर वाचतात. इतक्या स्वस्तात इतकं मोठं संरक्षण देणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून बटण दाबा. बल्ब क्षणभर झगमगेल, कारण मोठे फिल्टर कपॅसिटर भरत असतात. मग तो मंदावला पाहिजे. तसाच लख्ख राहिला तर लगेच बंद करा. शॉर्ट आहे, बहुतेक आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये. बल्ब मंदावला पण स्पीकरच्या रिलेचा ‘टक्’ आवाज आला नाही, तर घाबरू नका. बल्बमुळे व्होल्टेज कमी मिळतं, तेवढ्यावर रिले ओढला जाईलच असं नाही.

एक लक्षात ठेवा, बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला शॉकपासून नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरते. १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४० व्होल्टला भरलेला असेल तर स्क्रूड्रायव्हर आडवा लावताच मोठी ठिणगी उडते, टोकं जळतात. अनेक कारागीर तसं करतात, तुम्ही करू नका. २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर पंधरा-वीस सेकंद दोन्ही टोकांना धरा, पकडीच्या तारेनं, उघड्या बोटांनी नव्हे. मग मल्टीमीटरनं शून्य झालंय का पाहा.

बल्ब मंद राहिला तरच तो काढून सेट सरळ विजेवर लावा. काही सेकंदांत रिले वाजेल. आता स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी मोजा, दोन्ही बाजूंचा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडायला हरकत नाही, तरी पहिल्यांदा जुना, गेला तरी चालेल असा जोडा. रिले वाजलाच नाही, किंवा व्होल्टमध्ये आकडा आला, तर स्पीकर दूर ठेवा. आउटपुट ट्रान्झिस्टर काढून तपासायचे पुढच्या आठवड्यात. त्यासाठी साकीनाक्याहून मेट्रोनं अंधेरी आणि तिथून स्लो लोकलनं ग्रँट रोड गाठून लॅमिंग्टन रोडवरून अभ्रकाचे वॉशर आणि थर्मल पेस्ट आणून ठेवा.